अर्थिंगला शंभरपैकी शंभर

रविवार, ३ मार्च १९९६

अखेर एसी घरी आला. आमच्या ऑफिसच्या लिलावातला, जुन्या साहेबांच्या केबिनमधला. बेलापूरहून नेरूळपर्यंत टेम्पोत मागे त्याला धरून बसलो होतो. जिन्यात वरच्या मजल्यावरचा मानसिंग आडवा आला. याचा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळा आहे, आणि बिल्डिंगमधला पहिला एसी यानंच गेल्या वर्षी लावला. तेव्हापासून हा गडी भर उन्हाळ्यात शर्टाची सगळी बटणं लावून हिंडतो. 'सेकंड हँड काय?' म्हणाला. मी म्हटलं, 'सरकारी आहे.'

पण लगेच लावता येत नाही म्हणे. आमच्या ऑफिसात विजेचं काम बघणारा कुलदीप म्हणाला, 'साबळे, एसीला वीज मंडळाकडून लोड वाढवून घ्यायला लागतो. अर्जासोबत टेस्ट रिपोर्ट पाहिजे. लायसनवाल्या कंत्राटदारानं वायरिंग तपासलं, घर सेफ आहे, अशी सही.' एवढंच ना? सतरा वर्षं आवक-जावक टेबल सांभाळतोय. कागद म्हणजे आपलं अंगण.

तोवर एसी हॉलमध्ये चादरीखाली. बायकोनं, शालननं, वर फुलदाणी ठेवली.

रविवार, १० मार्च

पंढरीनं एका दिवसात घर पालटून टाकलं. हा दिवाळे कोळीवाड्यातला. आधी बापासोबत होडीवर जायचा, आता सेक्टरभर वायरमन म्हणून फिरतो. चौदा वर्षांचे काळे बोर्ड, पिवळे पडलेले पॉइंट सगळे उखडले आणि पांढऱ्याफेक प्लेटा ठोकल्या. स्वयंपाकघर तर दवाखान्यासारखं दिसतंय.

एक सुधारणा मात्र माझ्या डोक्यातली. स्वयंपाकघरातल्या बोर्डापासून एक उघडी तांब्याची तार भिंतीवरून खिडकीबाहेर, आणि तिथून खाली मीटररूमच्या मागे जमिनीत गेली होती. दर दिवाळीला रंगारी तिच्यावरूनच ब्रश फिरवायचा. पंढरीला विचारलं, 'ही कशाला रे?'

'जुन्या टायमाची हाय सायेब.'

'काढली तर लाइट जाईल?'

'लाइट कशाला जाईल? लाइटचा न् तिचा काय संबंध नाय.'

'मग काढ की.'

काढली. चांगली जाड, फेकायची जिवावर आली. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधली. माझे बनियन आता तांब्यावर वाळतात, अख्ख्या नेरूळात असा थाट कुणाचा नसेल.

शालन म्हणाली, 'आवो, इतकी वर्षं होती, काहीतरी कामाची असंल.' मी विचारलं, 'चौदा वर्षांत एक तरी काम करताना पाहिलीस तिला?'

गुरुवार, २१ मार्च

आज घरात जुंपली. कारण काय, तर रबरी चप्पल. शालन स्वयंपाकघरात चप्पल घालून उभी! तिथं आमचा देव्हारा आहे. आईनं सातारला उभ्या जन्मात चुलीपाशी पायताण येऊ दिलं नाही, आणि हिचं हे मुंबईचं वारं.

'फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात,' म्हणाली. 'पाय ओले असले की जास्तीच.'

'मग मला कशा येत नाहीत?'

शालननं माझ्याकडे बघितलं, चांगलं घटकाभर. 'तुमाला कशा येतील,' म्हणाली, आणि गार पाण्याचा ग्लास आणून माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणजे तिनंही कबूल केलं. अशक्तपणा असणार. शेंगदाणे-गूळ खा म्हणून सांगितलं.

रविवार, २४ मार्च

शालन अंघोळीला गेली तेवढ्यात चप्पल लपवली. एसीच्या मागे, चादरीखाली. सगळं घर शोधून आली. मी पेपरात तोंड घालून बसलो. हसू दाबता दाबता पोटात कळ आली.

सोमवार, २५ मार्च

सकाळी सकाळी लिटरभर दूध फरशीवर. फ्रीजमधून पातेलं काढताना हात उडाला म्हणे. 'हात उडतो म्हणजे काय? हात काय चिमणी आहे?' असं मी म्हणालो. एरवी यावर ती हसली असती. आज नाही हसली. कोपर चोळत बसली होती. बिनदुधाचा चहा पिऊन ऑफिसला गेलो, दिवसभर डोकं दुखलं.

रविवार, ३१ मार्च

नवीन तऱ्हा. चप्पल नाही तर नाही, आता फ्रीजपुढे लाकडी पाट मांडलाय. दार उघडायचं तर आधी पाटावर चढायचं, पदराने मूठ धरायची, मग उघडायचं. मी विचारलं, 'पूजा कधी आहे? गुरुजी सांगून ठेवू का?' शालन म्हणाली, 'सांगा. तेराव्याचेच सांगा.' हिच्या जिभेला हाड म्हणून नाही.

शनिवार, ६ एप्रिल

शेवटी नवऱ्याचं कर्तव्य म्हणून डॉक्टरकडे नेली. सेक्टरात डॉक्टर इशरत मुकादम म्हणून आहेत, मूळच्या श्रीवर्धनकडच्या, हाताला गुण आहे. मी लक्षणं सांगितली: झिणझिण्या, हात उडणं, चिडचिड. चिडचिड मी माझ्यातर्फे जोडली.

त्यांनी शालनला विचारलं, 'झिणझिण्या कुठं कुठं येतात?'

'फ्रीजपाशी.'

'आणि अजून?'

'फ्रीजपाशीच.'

डॉक्टरीणबाईंनी स्टेथास्कोप काढून ठेवला. चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि माझ्या हातात दिली. 'हे आजच्या आज करा, साबळेसाहेब. आणि तोवर बाई म्हणतील तसं वागा.' बाहेर येऊन वाचली तर औषधच नाही! 'सुलेमान मुकादम, परवानाधारक विद्युत कंत्राटदार, सीवूड्स' आणि फोन नंबर. त्यांचे चाचा असणार. डॉक्टरांनी आता चुलत्याचं गिऱ्हाईक गोळा करायला सुरुवात केली म्हणजे कमाल झाली. चिठ्ठी पाकिटात ठेवली, केमिस्टकडून आपल्या मनानंच बी-कॉम्प्लेक्स घेतल्या.

गुरुवार, १८ एप्रिल

पंढरीनं कोरा टेस्ट रिपोर्ट आणून दिला. खाली कुठल्याशा कंत्राटदाराची सही आणि शिक्का आधीच मारलेला. 'वरचा तुमी भरा, सायेब. सगले असंच भरतान.' मला ते बरंच वाटलं. माझं अक्षर मोत्यासारखं, परक्या माणसानं कशाला भरायचं?

रात्रीच्या जेवणाआधी बसून भरला. 'इन्सुलेशन रेझिस्टन्स': शंभर. 'अर्थ रेझिस्टन्स': तेही शंभर. आपल्या घरात कमी कशाला लिहा? शालन वाटाणे सोलता सोलता बघत होती. म्हणाली, 'मोजलं कधी?' मी म्हटलं, 'मोजायचं नसतं, लिहायचं असतं.'

उद्यापासून इलेक्शनची ड्यूटी.

रविवार, ५ मे

ड्यूटीतून सुटलो. दोन आठवडे कळंबोलीच्या शाळेत बाकड्यावर झोपून पाठीचं धिरडं झालं. घरी आलो तर शालननं पाटावर पाट ठेवलेत. दोन! 'आता जास्तीच वाढलंय,' म्हणते. 'पदरातूनबी लागतंय.' गोळ्या संपल्यात काय ते विचारलं. आख्खी बाटली तशीच होती. औषध घ्यायचं नाही आणि रडायचं.

मंगळवार, ७ मे

अर्ज टाकण्याआधी कुलदीपला रिपोर्ट दाखवला. वाचता वाचता त्याला चहाचा ठसका लागला.

'साबळे, अर्थ रेझिस्टन्स शंभर?'

'कमी आहे का?'

'अहो, ही काय वार्षिक परीक्षा आहे? हा आकडा जेवढा छोटा तेवढा चांगला. दोन, तीन, असा. शंभर म्हणजे अर्थिंग नाहीच.' मग हसायचा थांबला. 'खरंच कोणी येऊन तपासलंय ना?'

'म्हणजे काय,' मी म्हणालो. हसऱ्या चेहऱ्यानं खोटं बोलणं ही आमच्या खात्याची पहिली पायरी आहे. ब्लेडने दोन्ही शून्यं खरवडली, एकाचा दोन केला. पेनची एक वळणदार रेघ, आणि घर सुरक्षित झालं.

शनिवार, १८ मे

घोडं अडलं. अर्जावर ग्राहकाची सही पाहिजे, आणि ग्राहक शालन! घराची सोडत लागली तेव्हा तिच्याच नावानं अर्ज होता, म्हणून मीटरही 'सौ. शालन सयाजी साबळे' यांच्या नावे. चौदा वर्षं बिलावर ते नाव वाचतोय, पण कधी डोक्यात शिरलं नाही.

पेन दिलं. तर बाई वाचायलाच बसली! चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून. 'सदर विद्युत संच तपासला असून तो सुरक्षित आहे... हे मी म्हणायचं?'

'तू नाही, कंत्राटदार म्हणतोय.'

'मग त्याला बोलवा की. माझ्या फ्रीजला हात लावून म्हणू दे.'

'अगं, नुसती बदली केलीय प्लेटांची. बदलीला कुठं एवढं...'

'सही करते,' शालन मधेच म्हणाली. एकदम थंडपणे. 'उद्या सकाळी तुमी सोता फ्रीजमधनं पानी घ्यायचं. पाट नाय, फडकं नाय. हात-पाय धुऊन, ओल्या अंगानं, माझ्यासारखं. पाच येळा दार उघडायचं. सहाव्यांदा मी सही करते.'

एवढंच? मी लगेच हो म्हटलं. पाच काय, पन्नास वेळा उघडीन. एकदा हिच्या डोक्यातलं भूत उतरलं की सोमवारी अर्ज जावकला.

आता हे लिहिताना आठवायला बघतोय, मी आपला फ्रीज शेवटचा कधी उघडला होता. घेतला तेव्हा दुकानात उघडून बघितला होता. पुढचं आठवत नाही.

रविवार, १९ मे

अक्षर आज मोत्यांचं नाही.

सकाळी अंघोळ केली. पंचा नेसून, पाय निथळत स्वयंपाकघरात गेलो. मुद्दाम थोडी नाटकं केली. देवाला नमस्कार केला, बाह्या नसताना बाह्या सारल्यासारखं केलं, 'बघा मंडळी, सयाजीराव मोहिमेवर निघाले' म्हणालो. शालन ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभी. चेहऱ्यावर हसू होतं. आता जिरवते तुमची, असं.

पाट पायानं बाजूला सरकवला. मुठीकडे हात नेला.

'नगाऽ!'

अशी किंकाळी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती अंगावरच आली. दोन्ही हातांनी मला असं ढकललं की मी देव्हाऱ्यावर जाऊन आपटलो, समई पडली, तेल सांडलं. शालन खाली बसली आणि रडायला लागली. 'नगा हात लावू. मरशीला. माझी सही घ्या, काय पायजे ते घ्या, पन हात नगा लावू त्याला.'

मी पडलेली समई उचलून जागेवर ठेवली.

पाच वेळा म्हणाली होती. तिला एकदाही बघवलं नाही. आणि मी? दहा मार्चपासून आज दहा आठवडे. दिवसातून माझंच पाणी सात-आठ वेळा, वर दूध, भाजी, पीठ. मी हॉलमधून 'शालन, पाणी' ओरडायचो आणि ती उठायची. तिची चप्पल मी लपवली. मी लपवली, आणि पेपरामागे हसत बसलो. सयाजी साबळे, लाज वाटली पाहिजे तुला.

हे तिला तोंडावर सांगितलं. जसं लिहिलं तसंच. एसीमागून चप्पल काढून आणली. ती बघून तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, 'चोर.' मग म्हणाली, 'मेन बंद करा आधी.' मी इकडं तिकडं बघायला लागलो, तेव्हा तिनंच उठून दारामागचा मेन स्विच खाली ओढला. चिठ्ठी पाकिटातच होती. कोपऱ्यावरच्या पीसीओवरून सुलेमान मुकादमांना फोन केला. ते म्हणाले, 'आज-उद्या घरात निकाहची गडबड आहे, मंगळवारी पहाटे येतो. तोवर मेन चालू करू नका, मेणबत्त्या लावा.'

मंगळवार, २१ मे

सुलेमानचाचा आले. साठीचे, पांढरी टोपी, खिशात टेस्टर, हातात हँडल फिरवून अर्थिंग मोजायची लाकडी पेटी. मेन क्षणभर चालू करायला लावून फ्रीजच्या दाराला टेस्टर टेकवला. दिवा भक्कन पेटला. फ्रीजच्या दारावर! मी दोन पावलं मागे सरलो. मग मेन पाडून त्यांनी फ्रीज पुढे ओढला. मागच्या वायरचं रबर सोललेलं, आतली तार पत्र्याला कधी टेकायची, कधी नाही.

'ही गोष्ट जुन्या घरात व्हायचीच,' ते म्हणाले. 'पण अर्थिंगची तार असती तर टेकल्या टेकल्या फ्यूज उडाला असता आणि तुम्हाला कळलं असतं. इथं एक तार होती, भिंतीवर खूण दिसते. कुठाय?'

मी बाल्कनीकडे बोट केलं. सुलेमानचाचा गेले, माझ्या चार बनियनांकडे आणि एका पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीकडे बघत राहिले.

'चाळीस वर्षं धंदा करतोय,' ते म्हणाले, 'अर्थिंगला नाडीची चड्डी पहिल्यांदा बघितली.'

शालन इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मी माझा मुद्दा मांडलाच, 'पण चाचा, फिटिंग नुसती बदलली तर कागद लागत नाही ना?'

'दिवा बदला, स्विच बदला, फ्यूज बदला, नाही लागत. तार काढलीत. ती बदली नव्हे साहेब, ते तोडणं झालं. जुन्या घरात हात घातला की आधी बघायचं, काय काय एकमेकांवर टेकून उभं आहे. आणि ज्यानं तपासलं त्यानंच सही करायची.' माझा मोत्यांच्या अक्षराचा रिपोर्ट त्यांनी दोन बोटांत धरला, खरवडलेल्या जागेतून उजेड बघितला आणि परत दिला. मी तो तिथल्या तिथं फाडला. सतरा वर्षांत पहिल्यांदा कागद फाडला.

पंढरीला बोलावणं धाडलं. सुलेमानचाचांनी त्याच्याकडून मीटररूममागची माती उकरून घेतली, मीठ-कोळसा भरून घेतला, नवी तार वरपर्यंत ओढून घेतली. प्रत्येक प्लेट उघडून तिसऱ्या भोकाला तार जोडून घेतली. फ्रीजची वायर बदलली. वायरमनचं परमिट काढ म्हणून त्याला दमही भरला. मग पेटीचं हँडल शालनच्या हातात दिलं. 'फिरवा बाई. तुमचं घर, तुम्हीच मोजा.' काटा हलला. एक पूर्णांक आठ. तोच आकडा त्यांनी रिपोर्टात लिहिला, त्यांचं अक्षर अगदी कोंबडीचे पाय. शालननं पहिल्या ओळीपासून वाचला आणि सही केली.

मी ग्लास घेऊन फ्रीजकडे गेलो, तिच्यासाठी पाणी काढलं. बाटली कुठल्या कप्प्यात असते ते तिला विचारावं लागलं.

हे चाललं होतं तेव्हा पंढरी दारात उभा राहून फावडं पुसत होता. म्हणाला, 'सायेब, एक बोलू? वरच्या सायबांचीपन तार मीच काढली. टाइल्सच्या आड येत व्हती.'

मी ग्लास शालनच्या हातात दिला आणि जिना चढलो. मानसिंगनं दार उघडलं. बटणं सगळी लावलेली.

'मानसिंग, तुमच्या फ्रीजपाशी झिणझिण्या येतात का रे?'

'आमच्याकडं? छ्या! कसल्या झिणझिण्या! टेस्ट रिपोर्ट आहे माझ्याकडं, सही-शिक्क्याचा.'

आतून त्याच्या बायकोचा, राजाबाईंचा आवाज आला, 'त्यास्नी काय इचारताय भावजी? त्यांनी कदी उघडलाय फ्रीज?'

मानसिंग माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. तीन दिवसांपूर्वीचं माझंच तोंड बघतोय असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याची कीवही आली.

'आधी मेन बंद कर,' मी म्हटलं.

'मेन?' मानसिंगनं भिंतींवर नजर फिरवली. 'कुठं असतो तो?'

आत खट् असा आवाज झाला आणि पंखा हळूहळू थांबला. राजाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'बसा भावजी, पानी माठातलं देते.'